वयाच्या पुढचं पुस्तक

माझ्या नातीनं, उत्कर्षानं, शाळेतनं एक कादंबरी आणली. तिच्यातल्या सोळा वर्षांच्या पोरीला दिवस गेलेत, एवढं माझ्या लेकाला, अविराजला, कळलं मात्र, त्यानं पुस्तक हिसकावून आपल्या पिशवीत कोंबलं. उद्या मास्तरांच्या टेबलावर आपटून येतो म्हणाला.

पोर रडकुंडीला आली. "पप्पा, शेवटचीच पानं राहिलीत. ती बाळंतपणातनं वाचती का न्हाय, तेवढं तरी बघू द्या."

"चौदा वर्षांच्या पोरीनं असलं वाचायचं न्हाय! आन् आई, तू मधी पडू नगं. तू दुसरी शिकलेली, तुला यातलं काय कळतंय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गोठ्यातली गाय व्यायला लागली. वासराचा पाय आत दुमडलेला आणि जनावरांचे डॉक्टर इंदापूरला गेलेले.

गोठ्यातनं अविराज ओरडला, "उत्कर्षा, पळत ये! माझा हात जाईना, तुझा बारीक हाय. आत घालून पाय सरळ कर!"

पोरीनं कोपरापर्यंत हात घातला, चाचपून पाय सरळ केला आणि कळ आली तसं वासरू ओढून काढलं. जित्तं. तवर तिचा बाप रक्त बघवंना म्हणून भिंतीकडं तोंड करून उभा.

पोरगी हात धुवून आली, तेव्हा मी त्याच्यादेखत पिशवीतनं पुस्तक काढून तिच्या हातात ठेवलं.



"आधी तू शेवटापर्यंत वाच. मग तुझ्या बापाला द्यायचं, का त्याचं अजून वय व्हायचंय, ते तूच ठरीव."