दहावी फेरी

कारखान्यात देवधर्माला बंदी येताच साहेबांनी त्याची जपमाळ काढून घेतली. "बोटांची पेरं तर नाही ना काढून घेणार?" हसत विचारून तो चार बोटांच्या बारा पेरांवर रोजच्या नऊ फेऱ्या मोजू लागला. महिन्याभरात प्रेस मशीनने त्याची तीन बोटे छाटली. दवाखान्यात डाव्या हाताला सलाईन होते आणि उजव्याच्या बँडेजमधून अंगठाच बाहेर होता. पुटपुटताना जपाची मोजणी चुकली. "एवढं होऊनही देवाचंच नाव?" मुलगी खेकसली. "मग कुणाचं घेऊ, साहेबांचं?" नाइलाजाने तिने हात पुढे केला. "माझा विश्वास नाही हं, बाबा." "नसू दे. पेरं आहेत ना?" अंगठा तिच्या पेरांवरून सरकू लागला. नऊ फेऱ्या संपल्या, तरी थांबला नाही. "झाल्या की, बाबा!" "माझ्या झाल्या. ही तुझी." उद्यापासून त्याच प्रेसवर ती उभी राहणार होती.