सहावं मशीन

मंदारने वायर पुन्हा काढून लावली आणि मशीन सुरू केलं. पडद्यावर तेच आलं. मोठ्या मशीनशी जोडणी नाही.

"बघ रे बाबा," बापू म्हणाले, "माझ्याच मागे कुठली साडेसाती लागलीय ही?"

टावर चौकाजवळच्या त्या औषधांच्या एजन्सीत सगळी बिलं आतल्या खोलीतल्या मोठ्या मशीनमध्ये असत. टेबलांवरची मशीनं तिथूनच फाइली उघडत. बाकीच्यांची सुरळीत चालायची, बापूंचं मात्र महिनाभर हटून बसलं होतं. बापू ऑफिसात सगळ्यांत जुने. राम घाटावर स्नान झाल्याशिवाय त्यांची पावलं कामाकडे वळत नसत, म्हणून येणार सगळ्यांच्या शेवटी. साहेबांनी वर्षानुवर्षं चालवून घेतलं होतं. पण आता बाजार खुला झाला होता आणि साहेबांचं मन आखडलं होतं. आज त्यांनी सांगून टाकलं होतं, एकतर मशीन सुधारेल नाहीतर बापू जातील.

मंदार आत जाऊन मोठ्या मशीनसमोर बसला. दोष लगेच सापडला. साहेबांनी स्वस्तात घेतलेलं लायसन्स पाच जणांचंच होतं. पाच जण आत शिरले की सहाव्याला दार बंद. महिन्यापूर्वीपर्यंत ऑफिसात माणसंच पाच होती. मग मंदार लागला, आणि सगळ्यांच्या शेवटी येणारे बापू सहावे ठरले.

खरं सांगितलं तर साहेब वाढीव लायसन्स घेतील? नावच नको. शेवटी नोकरीला लागलेल्याला, म्हणजे त्यालाच, घरी बसवतील. घरी म्हणजे पुन्हा वडिलांचे टोमणे आणि फ्रीगंजच्या बाजारभर अर्ज घेऊन वणवण. मंदारला स्वतःची लाज वाटली. ती फार वेळ टिकली नाही.

साहेब दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे बापू.

"क्या निकला?"

"मशीन में कुछ नहीं है, सर. इन्हीं से चलाते नहीं बनता."

साहेबांनी डोळे बारीक केले. "पक्का? कल का आया हुआ है तू. इंदौर से किसी जानकार को बुलवा लूँ?"

बापूंचा चेहरा उतरला होता. तरी तेच पुढे झाले आणि त्यांनी मंदारच्या खांद्यावर हात ठेवला.

"जरूरत नहीं, साहब. ये बोल रहा है तो सही ही होगा. मैंने अपनी जबान देकर रखवाया है इसको."