खडीची वाट

"टायरमध्ये मऊ फोम भर दिगू, गाडी उसळली की हरली," असं त्याला रिमोटच्या गाड्या बांधायला शिकवणारे उस्ताद सांगून गेले होते. दिगंबरने सकाळच्या शर्यतीआधी तेच केलं. शकूवहिनींनी रिमोटवर चालवलेली वीतभर लाल गाडी मातीच्या ट्रॅकवर लोण्यावरून फिरावी तशी फिरली आणि पहिली आली.

पण चाकांच्या खुर्चीतल्या वहिनींनी रिमोट नुसता मांडीवर ठेवून दिला. अपघातानंतर त्यांचे पाय बधिर झाले होते. गाडीच्या चाकांना जे लागेल ते त्यांच्या तळव्यांना कळावं, म्हणून दवाखान्याने कमरेला गाडीशी जोडलेली एक पट्टी बसवून दिली होती.

"वहिनी, हसा की! फायनलला पोचलो."

"गाडी पोचली, भावजी. मला तर गादीवरून चालवलंत."

"खडे टोचू नयेत म्हणून..."

"टोचू देत हो. तीन वर्षांत एक खडा टोचलेला नाही मला."

कडक फोम भरला तर करंडक जाणार, हे दिगंबरला ठाऊक होतं. तरी त्याने चारही टायर रिमवरून सोडवले आणि मऊ फोम काढून कडक भरला.

गाडी जरा पुढे सरकली आणि वहिनींनी श्वास आत ओढला.

"खडी आहे इथे," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "बारीक, टोकदार."

"चला, तुमचं नाव पुकारतायत."

"पुकारू देत. दत्ताला नवस बोललेय मी, पायांना जमीन कळली की अनवाणी अकरा प्रदक्षिणा घालीन."

लाल गाडी मैदानाच्या फाटकातून बाहेर पडली आणि पलीकडच्या देवळाच्या वाटेने, पाऊल टाकावं तशी, सावकाश निघाली.