तारनाक्याचा डोसा

रेल्वेच्या नोकरीत जन्मभर घरचाच डबा खाल्लेले मुकुंदराव आठवडाभर बायकोला घेऊन हैदराबादभर खात फिरत होते. बरकतपुऱ्याची इडली झाली, नल्लकुंट्याची मिरची भजी झाली. आज तारनाक्याच्या फूड ट्रकवर त्यांनी लाल तिखट पसरलेला कारम डोसा मागवला. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"मिर्ची जादा हो गई क्या साब?" डोसेवाला ओशाळला.

"फिकर नक्को करो. और एक डालो, ऐसाच."

तो तव्याकडे वळला तशा त्रिवेणीबाई कळवळून म्हणाल्या, "अहो, किती झोंबतंय तुम्हाला! का असा छळ करून घेताय?"

मुकुंदरावांनी तोंडातला घास सावकाश घोळवला.

"झोंबू दे गं. सोमवारी डॉक्टरांनी जीभच काढली, की मग काय झोंबणार आहे?"