हरिसिंगचा ड्रमसेट

बबलूनं मोठ्या ड्रमला सोनेरी रंग मारला होता. गाडीला मारतात तो स्प्रे. अंजूनं बोट फिरवलं, बोटाला सोनं लागलं. ते तिनं भावाच्याच गाडीच्या सीटला पुसलं.

"कोन्या येड्यानं केलं हे?"

"मीच केलं, बाई. चमकते ना?"

"चमकते. लग्नातल्या पिपासारखा."

पांढरकवड्याच्या हायवेवर बबलूचं नवं हॉटेल उघडणार होतं. दारातच काचेच्या खोलीत बापाचा ड्रमसेट मांडायचा, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. बाप हरिसिंग एके काळी ऑर्केस्ट्रा चालवायचा. गणपतीत, दुर्गादेवीत पार उमरखेडपर्यंत त्याच्या तारखा मिळायच्या नाहीत. तो गेल्यावर सेट तांड्यावरच्या घरात विखुरला. एका ड्रममध्ये ज्वारी, एकावर कोंबडी बसलेली, मोठी झांज पाण्याच्या टाकीवर झाकण. बबलूनं सगळं गोळा केलं, भंगारातून आणखी ढोल उचलून आणले, आणि मग यातले आपले कोणते तेच त्याला कळेना. म्हणून उमरखेडकडं दिलेल्या थोरल्या बहिणीला, अंजूला फोन.

अंजूनं ओट्यावर बसून एकेक ड्रम उलटा केला. आत डोकावली, कडेवरून अंगठा फिरवला.

"हा नाही. हा वरातीच्या बँडवाल्याचा हाय. हाही नाही. हा आपला."

"काहून?"

"आतून पांढरा रंग हाय. अन् कड्याले स्क्रू मोज. त्या भंगाराले कमी हायेत."

बबलूनं खिशातून पितळी बिल्ला काढला. त्यावर इंग्रजी अक्षरं होती. "हा पुढं चिकटवू. मी सगळ्याईले सांगून ठेवलं, सेट विलायतचा हाय म्हणून."

"मेरठचा हाय. आत शिक्का हाय, वाच. वाचता येते ना अजून?"

ती आईकडंच राहिली. थिनर लावून सोनं खरवडलं, तेव्हा खालचा शिंपल्यासारखा पांढरा पत्रा वर आला. तिनं रॉकेलनं गंज उतरवला, झांजा चिंचेनं घासल्या. नागपूरहून नवी कातडी मागवून चढवली आणि एकेक स्क्रू पिळत, कडेकडेनं ड्रमची काडी मारत, सगळीकडून एकच आवाज येईस्तोवर ती कान लावून बसली. घरच्यांनी जेवायला हाका मारल्या तरी उठली नाही.

आई मानीबाई बाजेवरून पाहत होती. "एवढा जीव कायले लावून राह्यली? बोर्ड तर त्याच्याच नावाचा लागन."

"माहीत हाय, याडी," अंजू आईला म्हणाली.

"मंग?"

"ढोलानं माह्यं काय बिघडवलं?"

बोर्ड रंगून आलाच होता. 'कै. हरिसिंग आणि त्यांचे बालकलाकार चिरंजीव बबलू.' वाचून अंजू नाकातून हसली. दारूनं हरिसिंगचा हात थरथरायला लागला, तेव्हा त्यानं पोरीला पॅन्ट-शर्ट चढवून, केस टोपीत कोंबून ड्रमवर बसवलं होतं. पोरगी वाजवते हे कळलं असतं तर तांड्यानं जीव खाल्ला असता. माइकवर तो सांगायचा, "माहा पोरगा!" लोक शिट्ट्या मारायचे. खरा पोरगा तेव्हा स्टेजमागं वायरींच्या गुंडाळीवर घोरत पडलेला असायचा. पुढं अंजू टोपीत मावेनाशी झाली आणि हरिसिंगनं तिचं लग्न लावून दिलं.

उद्घाटनाला पुढारी आले, कापसाचे जिनिंगवाले आले, पाव्हणेरावळे आले. फीत कापून झाली. अंजूला हवं होतं तेच मग कुणीतरी ओरडलं, "बबलूशेठ, एक ठेका होऊन जाऊ द्या!"

"खांदा दुखून राह्यला," बबलू म्हणाला. कुणी ऐकेना. त्यानं घाबरून बहिणीकडं पाहिलं. तिनं काड्या पुढं केल्या.

"घे. लोक वाट पाहून राह्यले."

बबलू बसला. पत्र्यावरून वांदर पळावं तसं त्यानं वाजवलं. हाताला पायाचा पत्ता नाही, पायाला हाताचा. इतक्या मेहनतीनं जुळवलेला सेट भांड्यांच्या फडताळासारखा खडखडला. एक काडी उडून पुढाऱ्याच्या पायाशी पडली. अंजू लोकांच्या हसण्याची वाट पाहत होती.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा! बालपणीचा हात हाय, जाईन कसा!" पुढाऱ्यानं हार घातला. मोबाइल वर झाले. बबलू आधी गोंधळला, मग वाकला, पुन्हा वाकला. तिसऱ्यांदा वाकला तेव्हा त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं.

पहिल्या रांगेत शामकाका बसले होते. ऑर्केस्ट्रात कोंगो वाजवायचे ते. दर कार्यक्रमाआधी अंजूचे केस टोपीखाली सारून पिना लावून द्यायचे, तेही तेच. त्यांचेही हात वर होते, अजून टाळ्या वाजत होत्या.

अंजू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काका, तुमी बी?"

शामकाकांचे हात थांबले. त्यांनी वर पाहिलं नाही. "माहा नातू इथं मॅनेजर लागला, बाई. काय करू?"

"वाजवा ना मग, मी कुठं नाही म्हणते?" अंजू म्हणाली. "पण निदान तालात तरी वाजवा."