पहिला प्रवेश

नगरपरिषदेच्या वार्षिक सभेत नगराध्यक्षांनी जाहीर केलं, "सोमवारपासून आपल्या गावाचं सायन्स कॉलेज सुरू होतंय!" मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतले बळीराम घोणसे हात जोडून उभे राहिले. कॉलेजला जागा त्यांनीच दिली होती, लेकीसाठी.

पल्लवी बारावी झाली तेव्हा तिला जिल्ह्याच्या ठिकाणी प्रवेश मिळत होता. "पुढच्या वर्षी इथंच कॉलेज होणार आहे, सभेत सांगितलंय," म्हणत बळीरामांनी तिला थांबवलं. पुढच्या वर्षीच्या सभेतही तेच सांगितलं गेलं. त्याच्या पुढच्याही. मग चांगलं स्थळ आलं आणि घरातल्या थोरांपुढे बळीरामांचं काही चाललं नाही.

"उद्घाटन तुमच्या पल्लवीच्याच हस्ते करू. बोलवा तिला," नगराध्यक्ष म्हणाले.

बळीरामांनी मांडवाबाहेर येऊन लेकीला फोन लावला.

"आबा, खरंच झालं? प्रयोगशाळा आहे?"

"आहे गं, मोठी आहे. उद्घाटनाला तुला बोलावलंय."

"सासरचे नाही पाठवणार मला, आबा."

"पोरी, माझं चुकलं गं."

"असं नका म्हणू. फक्त गल्लीतल्या पोरींना सांगा, थांबू नका म्हणावं. याच वर्षी नाव घाला."

तिनं फोन ठेवला. आत पुढच्या वर्षीच्या योजना वाचून दाखवणं सुरू झालं होतं. बाहेर बळीराम मांडवाच्या खांबाला धरून लहान मुलासारखे रडत होते.