तांबडा दोरा

"कशाक व्हयी?" परवान्याचं पुस्तक उघडत अप्पांनी विचारलं.

"डुकराक," सर्वेश म्हणाला.

सावंतवाडीच्या त्या अरुंद दुकानात काडतुसं घ्यायला येणारा प्रत्येक शेतकरी डुकराचंच नाव घेतो. परवाना शेतीच्या राखणीचा, तिथे दुसरं काय सांगणार? चाळीस वर्षं हेच ऐकत आलेल्या अप्पांनी चष्म्यावरून आधी सर्वेशकडे पाहिलं, मग त्याच्या मागे स्टुलावर बसलेल्या त्याच्या आईकडे, सावित्रीकडे. तिच्या गेलेल्या नवऱ्याची, दत्तारामची बंदूक मुलाच्या नावावर होऊन अजून आठवडाही झाला नव्हता.

"डुकराक एलजी पुरे," अप्पांनी एक काडतूस काउंटरवर उभं केलं. "आत सहा छर्रे आसत, वाटाण्याएवढे."

"माका एकगोळीची व्हयी."

"एकगोळी गव्याक लागता, सर्वेशा. आणि गव्यावर गोळी घातलंस तर जेलात जातलंस."

"तो अजून येता आमच्या काजूत," सर्वेशचा आवाज चढला. "बाबांका मारल्यान तोच. मी वळखतंय तेका."

 अप्पांनी मागच्या फळीवरून दुसरा खोका काढला. एकेका काडतुसात एकच गोळी, सुपारीएवढी. सर्वेशने एक उचलून तळहातावर तोललं. दत्तारामही असंच तोलायचा, मान जराशी डावीकडे कलती करून. 

"तुझो बापूस तीस वर्सां माझ्याकडे येय होतो," अप्पा म्हणाले. "असो नेमबाज आमच्या तालुक्यात नाय होतो. तो गव्यासमोर पाखरांची काडतुसां घेऊन कसो गेलो, ह्या माका अजून उमजणा नाय."

"नजर गेली होती तेंची. आणि मानूक तयार नाय होते."

सावित्री आपल्या हातांकडे बघत राहिली.

कोकणातली दमट हवा काडतुसांना चांगली नाही, म्हणून दत्ताराम ती तांदळाच्या डब्यात ठेवायचा. तांदळात घासून त्यांच्यावरचे छऱ्यांच्या मापाचे आकडे पुसले जात. मग मोठ्या छऱ्यांच्या काडतुसांना तो तांबडा दोरा बांधायचा. बिनदोऱ्याची ती पाखरांची. डबा घरच्या बाईचा, त्यातून काढून द्यायचं तिनेच. दत्ताराम बंदूक घेऊन दारात उभा राहायचा, पाठमोराच हात मागे करायचा आणि म्हणायचा, "दोऱ्याची दोन दी." सावित्रीने हातावर ठेवलेली काडतुसं त्याने कधी वळून पाहिली नाहीत. बायकोच्या हातची वस्तू काय तपासायची!

त्या दिवशी तिन्हीसांजेला गवा काजूत शिरला. सावित्रीला भीती वाटली. महादेवाच्या नंदीच्या जातीचं जनावर, पाप लागेल, ही एक. जंगलखात्याची जीप येईल आणि नवऱ्याला घेऊन जाईल, ही त्याहून मोठी. दत्ताराम भिंतीवरची बंदूक काढेपर्यंत तिने दोन काडतुसांचे दोरे सोडले आणि पाखरांच्या दोन काडतुसांना बांधले. बारीक छर्रे चावतील, जनावर पळेल, माणूस जेवायला घरी येईल. एवढंच तिचं शहाणपण. त्याच डब्यातून मग तिने रात्रीचे तांदूळ काढले, तिघांचे.

गवा पळाला नाही. छर्रे लागताच तो दत्तारामवरच उलटला.

दत्तारामच्या खिशात राहिलेलं दुसरं काडतूस सर्वेशने चाकूने कापलं, तेव्हा आतून ज्वारीसारखे छर्रे ओटीवर सांडले. वर तांबडा दोरा तसाच होता. बाराव्याला सगळी वाडी म्हणाली, दत्तारामचे डोळे गेले होते, दोरा चुकीचा बांधला बिचाऱ्याने. ज्याचा नेम उभ्या आयुष्यात चुकला नाही त्याची ही एकच चूक लोकांनी लक्षात ठेवली. सावित्रीने त्यावर मान हलवली होती. सगळ्यांच्या आधी तिनेच.

अप्पांनी काडतुसं बांधून पुडकं सर्वेशच्या हातात दिलं. "बारीक आणि जाड वेगळी ठेव रे बाबा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "बापाशीची चूक परत नको."

"त्याचीच तजवीज केलंय," असं म्हणत सर्वेशने खिशातून तांबड्या दोऱ्याचं नवं कोरं रीळ काढलं. बाजारातून येताना त्याने ते घेतलं असावं. सावित्रीला पत्ताही नव्हता. पुडकं आणि रीळ दोन्ही त्याने तिच्या मांडीवर ठेवली.

"आये, दोरो तू बांध. हयच, अप्पांच्या समोर. बाबांचो हात चुकलो, तुझो चुकाचो नाय."

तो हसत होता. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच तिने त्याला असं मोकळं हसताना पाहिलं.

सावित्रीने एक काडतूस घेतलं. दोऱ्याचे दोन वेढे दिले आणि गाठ मारली. बोटांना ती गाठ पाठ होती. दत्तारामची होती तीच, आडवी. दुसरं काडतूस घेतलं आणि तिचे हात थांबले. मांडीवरचं सगळं तिने उचलून काउंटरवर ठेवलं, रीळसुद्धा. ते गडगडत अप्पांच्या चष्म्याच्या डबीला जाऊन टेकलं.

"काय झाला गो?" अप्पांनी विचारलं.

तिने अप्पांकडे पाहिलं नाही. ती मुलाकडे बघत होती, अजून हसऱ्याच असलेल्या त्याच्या तोंडाकडे.

"ह्यां माझ्याकडे ठेव नको," ती म्हणाली. "तुझ्या बापाशीन दोरो बरोबरच बांधल्यान होतो."